वाटणीत न आलेली आवळी

आनंदाबाईने गोवऱ्यांचे पोते एस.टी.त चढवले तेव्हा कंडक्टर म्हणाला, “मावशी, हिंगणघाटले गोवऱ्या भेटत नाई काय?”

“भेटत असतीन बापा,” आनंदाबाई म्हणाली, “पण त्या कोणाच्या घरच्या, ते मले काय मालूम?”

गाडीतली माणसे हसली. कंडक्टरने पोते पायाने सरकवून बाकाखाली घातले आणि घंटी मारली. आनंदाबाईला मात्र हसण्यासारखे काही वाटले नव्हते. त्या गोवऱ्या कोणाच्या घरच्या, हाच तर त्या दिवशीचा मोठा प्रश्न होता. त्या तिच्या घरच्या नव्हत्या आणि खिडकीशी बसलेल्या तिच्या जावेच्या, रुख्माबाईच्याही नव्हत्या. शेजारच्या जिजाबाईच्या होत्या. पितळेचे गंज, म्हणजे पातेली, जिजाबाईचे, परात जिजाबाईची. दोघी जावांच्या मधोमध आनंदाबाईची नलू बसली होती, आणि तिला मध्ये बसण्याची सवय होती.

हे सगळे कशासाठी, ते समजायचे तर थोडे मागे जायला हवे.

समुद्रपूरच्या अलीकडे एका गावात आनंदाबाईचे बापूराव आणि रुख्माबाईचे चंद्रभान हे दोघे भाऊ भाजीपाल्याची शेती करत. वांगी, भेदरे म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, थंडीत मेथी आणि मुळे. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांची वाटणी झाली. भांडण होऊन झाली नाही. घरात माणसे वाढली, म्हणून झाली. भाऊ अजूनही एकाच विहिरीवर पाळीने पाणी घेत, एकाच बंडलातली बिडी ओढत. पण वाटणी ठरली तेव्हा रुख्माबाई नाचणगावला माहेरी होती, आईच्या आजारपणात. महिन्याने परत आली, डोक्यावरचे बोचके उतरवले आणि हात धुवायला मागच्या पडवीत गेली, तर तिथे दुसरी चूल. मातीची, नुकती सारवलेली, आनंदाबाईच्या हातची. पितळी भांडी अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

रुख्माबाई त्या दिवशी रडली नाही की ओरडली नाही. ती एवढेच म्हणाली, “ज्या चुलीनं मले इचारलं नाई, त्या चुलीवरचं अन्न मी तोंडात घालणार नाई.”

बोलणे रागातले आहे, चार दिवसांत विरेल, असे सगळ्यांना वाटले. ते विरले नाही. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. सासूच्या तेराव्याला रुख्माबाईने दिवसभर राबून घेतले आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन आपली भाकर खाल्ली. पुढे दोघींनी एकमेकींशी बोलणेही सोडले. काही सांगायचे झाले तर नलूच्या तोंडून सांगायचे. नलू दोन्हीकडे जेवत असे. रुख्माबाईला दोन मुलगेच. नलूची वेणी तिने परकरी वयापासून घातली होती, आणि चूल वेगळी झाली तरी वेणी वेगळी झाली नव्हती.

आता, अठ्ठ्याहत्तर सालच्या आश्विनात, नलूचे लग्न ठरले होते. तिथी मार्गशीर्षातली. आनंदाबाईने कुंकवाचा करंडा घेऊन दुसऱ्या बाईला रुख्माबाईकडे पाठवले, तेव्हा रुख्माबाईचा निरोप आला. “लग्नाले आली तं जेवा लागन. जेवली तं बोल मोडन. न जेवता उठली तं पाहुणे पोरीले नाव ठेवतीन. मंग येऊन का करू?”

त्यात राग नव्हता, हिशेब होता, आणि तो आनंदाबाईला खोडता येईना.  नलूला लुगड्यांविषयी विचारले की ती म्हणायची, “कोणतंही घे.”

आनंदाबाईने पंधरवडाभर विचार केला. ती हुशार होती, पण तिची हुशारी वाफ्यात पाणी सोडणाऱ्या माणसाची होती. पाणी अडले की दुसऱ्या बाजूने चर काढायचा. बोल चुलीवरचा होता. मग चूलच कोणाची नसली तर? आवळी नवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी बायका आवळीच्या झाडाखाली जातात, झाडाची पूजा करतात, तिथेच तीन गोटे मांडून रांधतात आणि झाडाच्या सावलीत जेवतात. तीन गोट्यांची चूल संध्याकाळी मोडते. ती कोणाच्या घराची नसते.

अडचण एवढीच, की गावातली आवळी बांधावर होती आणि तो बांध वाटणीत आनंदाबाईकडे आला होता. म्हणून मग हिंगणघाट. वणा नदीच्या काठची बाग तिने बाजाराच्या दिवशी बाहेरून पाहिली होती. तिथे देशोदेशीची झाडे लावली आहेत आणि एक मोठी आवळीही आहे, असे जिजाबाईने सांगितले होते.

नलू निरोप घेऊन गेली. रुख्माबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता एकेक विचारले.

“आवळी कोणाची?”

“नगरपालिकेची.”

“भांडे?”

“जिजाबाईचे. गोवऱ्याही तिच्याच.”

“कणीक?”

“अर्धे गहू तुह्ये घेते, अर्धे आमचे. गिरणीत एक होतीन.”

रुख्माबाईने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “पाह्यते येऊन,” ती म्हणाली. “जेवीनच असं नाई म्हणत.”

बागेच्या फाटकातून शिरल्यावर पहिल्यांदा थंडावा लागला. दोन्ही बाजूंना उंच झाडे, मधून लाल मुरमाचा रस्ता, कडेला चुना लावलेल्या विटा तिरप्या रोवलेल्या. पलीकडे तारेचे कुंपण आणि त्याच्या खाली नदी. कार्तिकातली नदी, म्हणजे अर्धी पाणी आणि अर्धी वाळू. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर पत्र्याची पाटी होती. वर मराठी नाव, खाली इंग्रजी अक्षरांत दुसरेच काही लांबलचक. नलू सातवीपर्यंत शिकलेली; ती मोठ्याने वाचत चालली. गोरखचिंच. रक्तचंदन. कैलासपती. कैलासपतीची फुले फांद्यांवर न येता खोडालाच लटकली होती आणि खाली तोफेच्या गोळ्यांसारखी फळे. रुख्माबाई तिथे थांबून बराच वेळ पाहत राहिली.

पुढे एका झाडापाशी नलूने वाचले, “कडूनिंब.”

“कडूनिंबाले पाटी?” रुख्माबाई म्हणाली. “कडूनिंब कोणाले ओळखू येत नाई म्हणून?”

“शहरच्या लोकायले येत नसन,” आनंदाबाई म्हणाली. पण नलूकडे पाहून म्हणाली.

“नले, तुह्या मायले सांग, शहरचे लोक सकाळी त्याच्याच काडीनं दात घासतेत.”

“माय, काकी म्हणते—”

“ऐकलं मी.”

आवळी नदीच्या बाजूला होती, जुनी आणि पसरलेली, बारीक पानांतून कवडसे पडत होते. खाली शहरातल्या दहा-बारा बायका आधीच बसल्या होत्या. कुणी सतरंज्या अंथरल्या होत्या, कुणी चटया. खोडाला सुताचे फेरे झाले होते, कुंकवाने साल लाल झाली होती. आनंदाबाईने एक कोपरा पाहून पोते टेकवले आणि ती गोटे शोधायला लागली. बागेत गोटे कुठले? तिने इकडेतिकडे पाहिले आणि रस्त्याच्या कडेच्या तीन पांढऱ्या विटा हलवून हलवून उपटल्या. त्रिकोणात मांडल्या, मध्ये गोवऱ्या रचल्या. नलूने काडी ओढली. धूर वर गेला, तशी शेजारच्या सतरंजीवरच्या बायका डबे उचलून सरकल्या.

शिट्टी वाजली. खाकी सदऱ्यातला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस हातात पाण्याची झारी घेऊन तरातरा येत होता. बागेचा चौकीदार. अण्णाजी म्हणून लोक त्याला ओळखत.

“विझवा! विझवा ते! अन् ह्या विटा कोठल्या?”

“तेथच्याच होत्या,” आनंदाबाई म्हणाली. “जेवणं झाले का परत लावून देतो.”

“बाई, बागेत जाळ करा नाई लागत. फाटकावर लिवलं हाय. पोरीले वाचता येते का?”

नलू खाली पाहू लागली. तिने झाडांच्या पाट्या तेवढ्या वाचल्या होत्या.

“आवळी नवमीले जाळ नाई, तं मंग सैपाक कसा करा?” आनंदाबाईला खरेच कळेना. गावात जन्म गेला, पण आवळीखाली न रांधता आवळीभोजन होते, हे तिने कधी ऐकले नव्हते.

“घरून डबा आणा लागते.” अण्णाजीने झारी हलवून सगळीकडे दाखवले. “पाहा ना, ह्या सगळ्या आणतेत. पुऱ्या, भाजी, गोडभात. खाऊन घेतेत, फेरे मारतेत, जातेत. तुमी काऊन डबा नाई आणला?”

हा प्रश्न सोपा होता. उत्तर द्यायला मात्र आनंदाबाईला वेळ लागला. जे घरात चार-पाच वर्षे कुणी उच्चारले नव्हते, जे सांगायला नलू लागत होती, ते आता एका अनोळखी माणसाला, दहा-बारा परक्या बायकांसमोर सांगायचे होते. ती पोत्यातल्या गोवऱ्या सारख्या करत राहिली.

“हे माही जाऊ,” शेवटी ती म्हणाली. “हे माह्या चुलीवरचं खात नाई.”

सतरंज्यांवरच्या बायका वळून पाहू लागल्या. अण्णाजीने रुख्माबाईकडे पाहिले. “काऊन वो?”

“यायलेच इचारा,” रुख्माबाई म्हणाली.

अण्णाजी आनंदाबाईकडे वळला. आनंदाबाई म्हणाली, “त्यायलेच इचारा.”

“वा!” अण्णाजी म्हणाला. “म्या का निरोप पोचवाचं तारघर खोललं हाय इथे?”

बायका हसल्या. रुख्माबाईच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने पदर पुढे घेतला. अण्णाजीने झारीतले पाणी गोवऱ्यांवर ओतले. फस्स झाले आणि धुराऐवजी वाफ आली. मग त्यालाच काहीसे वाटले असावे. तो कुंपणाकडे हात करून म्हणाला, “तारेच्या खाली पायऱ्या हायेत. वाळवंटात उतरा. तेथं माही हद्द नाई. रांधा, वर आणा अन् झाडाखाली बसून जेवा. जेवाले मनाई नाई. विटा तेवढ्या ठेवून जा.”

त्या वाळूत उतरल्या. तिथे गोटे भरपूर होते, नदीने गोल केलेले. नलूने पाणी आणले. पोत्याच्या तळातल्या गोवऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. आनंदाबाईने दोन ठिकाणी जाळ केला. एकावर वरण आणि नंतर वांग्याची भाजी, दुसऱ्याच्या निखाऱ्यांचा आर करून त्यात रोडगे. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, पदर घालून वळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. वरची राख झटकली की आत खुसखुशीत. भाजणाऱ्याचा हात चुकला तर बाहेर कोळसा आणि आत कच्ची कणीक.

रुख्माबाई थोडी दूर बसली होती, पाण्याकडे तोंड करून.

नदीवरून वारा सुटला होता. आनंदाबाईने आर वाऱ्याच्या तोंडाशी केला होता, त्यामुळे एका बाजूचे निखारे लाल आणि दुसऱ्या बाजूचे काळे पडत चालले. तिने काटकीने रोडगे फिरवले. एक फुटला. तिने तो पुन्हा दाबून बसवला. खरे सांगायचे तर रोडगे तिचे काम कधीच नव्हते. एका चुलीच्या काळात भाजी तिची आणि रोडगे रुख्माबाईचे, हे ठरवून नाही तर आपोआप झाले होते. आणि वेगळी झाल्यापासून तिच्या घरी रोडगे क्वचितच होत. बापूराव मागत नसत.

“नले,” पाठमोरी रुख्माबाई म्हणाली, “तुह्या मायले सांग, करपून राह्यले.”

“करपत नाई,” आनंदाबाई म्हणाली.

“वास येऊन राह्यला मले इथपर्यंत.”

“वारा हाय.”

“वारा हाय तं आडोसा करा लागते. वाऱ्यात आर मांडला कोणी?”

नलू भाजीच्या गंजाशी वांगी चिरत होती.  पहिल्या वाक्यानंतर कोणी तिला सांगायला सांगितलेच नव्हते.

आणखी एक रोडगा फुटला. रुख्माबाई उठली. पदर कमरेला खोचला, पोते ओले करून दोन गोट्यांवर वाऱ्याच्या बाजूने उभे केले, आर काटकीने सगळा उकरला आणि नव्याने मांडला. खाली निखारे, वर राख, राखेवर रोडगे, पुन्हा राख. फुटलेल्या दोन रोडग्यांना तिने कणकेचे ठिगळ लावले. आनंदाबाई बाजूला सरकली आणि भाजीकडे गेली. तिने तेल तापवले, मोहरी टाकली, भाजून कुटलेले शेंगदाणे घातले. दोघी पाठीला पाठ लावून काम करू लागल्या. हातांना जुनी ओळख होती. आनंदाबाईने मागे न पाहता मिठाची पुडी सरकवली आणि रुख्माबाईने मागे न पाहता घेतली.

मध्येच आनंदाबाईच्या लक्षात आले, की हा आर आता रुख्माबाईचा झाला. म्हणजे रोडगे ती खाईल. स्वतःच्या हातचे तिला वर्ज्य नाहीत. भाजीचे मात्र तसे नव्हते. गोटे नदीचे, गोवऱ्या जिजाबाईच्या, पण जाळ आनंदाबाईच्या हातचा. चूल म्हणजे गोटे की हात, याचा विचार तिने पंधरवड्यात केला नव्हता.

वर येऊन त्यांनी आवळीची पूजा केली. हळदकुंकू वाहिले, सूत गुंडाळले, रोडग्यावर गूळतूप घालून नैवेद्य दाखवला. शहरातल्या बायका बहुतेक निघून गेल्या होत्या. तिघी पत्रावळी मांडून बसल्या. रुख्माबाईने स्वतःला रोडगा घेतला, कुस्करला, तूप घातले, त्यावर गूळ. नलूने वरण वाढले. मग तिने भाजीचा गंज काकीच्या पानाजवळ नेला आणि थांबली.

रुख्माबाईने पानावर आडवा हात धरला. “राहू दे.”

नलूने गंज मागे घेतला. आनंदाबाईने आग्रह केला नाही. आग्रहाने घातलेला घास पानात पडला तरी पोटात जात नाही, हे तिला माहीत होते. ती जेवत राहिली. रोडगे चांगले झाले होते, ठिगळ लावलेलेही. हे तिने मनात कबूल केले.

रुख्माबाई सावकाश जेवली. वरण दोनदा घेतले. म्हणजे वरणाचे तिला चालले, भाजीचे नाही. कदाचित वरण कोणी उकळले ते तिने पाठ फिरवून बसल्यामुळे पाहिले नव्हते, आणि जे पाहिले नाही ते मोजायचे नाही असे तिने ठरवले असेल.  आनंदाबाईला लग्नाचे विचारायचे होते आणि ते आता नलूच्या तोंडून विचारता येण्यासारखे नव्हते.

हात धुतल्यावर ती म्हणाली, “रुख्मे.”

रुख्माबाईने मान वळवली.

“पोरीच्या कार्याले येजो.”

“जेवाचं का करू?”

“इथं जेवली तसं.”

“इथं मी माह्या हातचं जेवली.” रुख्माबाईने पत्रावळ दुमडली. “तुह्या चुलीवरचं मी आजही खाल्लं नाई, अन् उद्याही खाणार नाई. बोल बोलून गेली तं गेली. म्हातारपणी मोडून का भेटन?”

“मंग?”

रुख्माबाई नदीकडे वळली. खाली नदीत कोणीतरी म्हशी सोडल्या होत्या, त्या डुंबत होत्या.

“मांडवाची चूल माह्या हाती दे,” ती म्हणाली. “चर खणला का हळदकुंकू मी लावीन. पहिली काडी मी ओढीन. आचारी बोलाव, नाईतं गावच्या बाया बोलाव, पण मांडवाची चूल माही. मंग मी जेवते, अन् पंगतीही उठवते.”

 त्यांच्याकडे मांडवाची चूल, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकासाठी खणलेला लांब चर, नवरीची आई पेटवते. तिच्या लग्नात तिच्या आईने पेटवली होती. चराभोवती सगळ्या बायका उभ्या राहतात, आणि कोणी काडी ओढली हे गाव पाहते. लेकीच्या लग्नात आईने बाजूला उभे राहायचे आणि जावेने पुढे व्हायचे, म्हणजे आई विधवा आहे का, की तिने काही केले आहे, असे विचारणारे पुष्कळ निघतील. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हो असेच होते. तिने केले होते.

“लोक मले इचारतीन,” ती म्हणाली.

“मलेही इचारलं होतं लोकायनं,” रुख्माबाई म्हणाली. “माहेरून आली तेव्हा.”

आवळीची पाने खाली पडत होती, इतकी बारीक की पडल्याचे कळत नव्हते. आनंदाबाईने केसांत अडकलेली दोन काढली.

“घे,” ती म्हणाली.

“पुन्हा नाई म्हणशील.”

“घे म्हटलं ना. पण भाजी माह्या हातची होईन. तुले मीठ कळत नाई.”

“मले मीठ कळत नाई? सासूले इचार!”

“सासू गेली.”

“म्हणून म्हणते इचार. असती तं तुले सांगितलं असतं.”

नलू मान खाली घालून जिजाबाईची परात राखेने घासत होती. घासून झाली तरी तिने थांबवले नाही.

निघताना भाजी उरली होती ती आनंदाबाईने एका पत्रावळीवर काढून अण्णाजीला नेऊन दिली. तो आपल्या चौकीच्या पायरीवर बसून जेवत होता. त्याने वांग्याची फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि तारघराविषयी काही विचारले नाही.

संध्याकाळी बापूराव अंगणात बसले होते. आनंदाबाईने उरलेला रोडगा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तोडून खाल्ला, मग तिच्याकडे पाहिले.

“हा तुह्या हातचा नाई,” ते म्हणाले.

“नाई. तिच्या.” आनंदाबाई खाली बसली. “मांडवाच्या चुलीचा चर तिच्या दारासमोर खणा. पेटवणार तेच हाय.”

बापूरावांनी तोंडातला घास गिळला. “अन् तू?”

“मी वांगी चिरीन,” आनंदाबाई म्हणाली. मग उठून आपल्या चुलीपाशी गेली आणि रात्रीच्या स्वयंपाकाचा जाळ केला.